काळी फीत आणि लेझर शो

आमच्या नांदुऱ्याला भव्यतेचं वावडं नाही. महामार्गाने जाणारा माणूस इथल्या 105 फुटी हनुमानाकडे मान वर करून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. त्यामुळे क्रिकेटच्या झगमगाटाविषयी इथून तक्रार करायची, तर ती आकारमानाची असूच शकत नाही. माझी तक्रार प्रसंग ओळखण्याबद्दल आहे.

25 ऑक्टोबर 2023 ला दिल्लीत ग्लेन मॅक्सवेलने 40 चेंडूंत शतक ठोकलं. विश्वचषकातलं तोवरचं सर्वांत वेगवान. त्याच सामन्याच्या विश्रांतीत मैदानाचे दिवे घालवून लेझर शो झाला. डोकं ठणकतं, डोळ्यांना पुन्हा प्रकाश सवयीचा व्हायला वेळ लागतो, असं मॅक्सवेल नंतर वैतागून बोलला. त्याच्याच संघातल्या वॉर्नरला मात्र शो आवडला होता. प्रेक्षकांसाठी हे हवंच, असं त्याचं म्हणणं. वाद बरोबरीत सोडून देऊ. पण मनोरंजनासाठी खेळाडूच्या डोळ्यांना त्रास होत असेल, तर मैदान नक्की कुणासाठी आहे?

श्रद्धांजलीचं काम याहून नाजूक. पुलवामाच्या हल्ल्यानंतर 2019 च्या आयपीएलचा उद्घाटन सोहळा रद्द झाला आणि क्रिकेट मंडळाने 20 कोटी रुपये सैन्यदलांना आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाला दिले. पहलगामच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, 23 एप्रिल 2025 ला हैदराबादेत मुंबईचा सामना झाला. दंडाला काळ्या फिती, एक मिनिट शांतता. चीअरलीडर नाहीत, आतषबाजी नाही. दोन्ही वेळी मंडळाने शोभेसं काही केलं, ते म्हणजे नेहमीचं काही केलं नाही. टीव्हीला हेच सर्वांत जड जातं, कारण गप्प मिनिटाला प्रायोजक मिळत नाही.

पहलगामच्या त्या हल्ल्यात महाराष्ट्राची सहा माणसं गेली. सहा आठवड्यांनी, 3 जूनला अहमदाबादेत आयपीएलच्या अंतिम सामन्याआधी, हल्ल्याला उत्तर म्हणून झालेल्या ‘ऑपरेशन सिंदूर’साठी सैन्यदलांना मानवंदना झाली. शंकर महादेवन आणि त्यांच्या दोन मुलांनी देशभक्तीपर गाणी गायली. त्यांच्या गाण्यात खोट काढायची हिंमत मी करणार नाही. सैनिकांचे आभार मानायलाही हरकत नाही. पण एप्रिलमधला शोक आणि जूनमधला जल्लोष यांची सरमिसळ झाली, आणि गेलेली माणसं मागे पडली. लगेच दुसऱ्या दिवशी बंगळुरूत विजेत्यांना पाहायला आलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन 11 जण दगावले. स्टेडियमबाहेर हे घडत असताना आत सत्कार चालूच होता. याला अभिरुचीचा दोष म्हणणं फार सौम्य होईल.

निरोप कसा द्यावा, याचेही दोन धडे 2013 च्या नोव्हेंबरमध्ये मिळाले. सचिन तेंडुलकरच्या 199 व्या कसोटीसाठी कोलकात्यात विमानातून 199 किलो गुलाबपाकळ्या उधळायचा बेत होता. तो शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवलेला, आणि सामना तिसऱ्याच दिवशी आटोपला! खेळाला संयोजकांपेक्षा जास्त विनोदबुद्धी असते. मग वानखेडेवरची त्याची अखेरची कसोटी. पहिल्या दिवशी खेळ संपत आला, सचिन खेळपट्टीवर होता आणि पडद्यावर त्याची आई दिसली. सारं मैदान उभं राहिलं. ती माउली त्याला मैदानात खेळताना पहिल्यांदाच पाहत होती. फलंदाजी करणाऱ्या मुलाचं लक्ष अशा वेळी विचलित करावं का, हा प्रश्न उरतोच. पण तिथे ना नर्तक होते, ना निवेदक. शेवटी त्याने खेळपट्टीला हात लावून नमस्कार केला, तोही कुणी शिकवलेला नव्हता.

कलावंताने खेळाच्या उपयोगी कसं पडावं, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. 1983 ला भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा मंडळाकडे बक्षीस द्यायलाही पैसे नव्हते. अध्यक्ष आपल्या विदर्भाचे एन. के. पी. साळवे. लताबाई मंगेशकरांनी मानधन न घेता दिल्लीत कार्यक्रम केला, 20 लाख रुपये जमले आणि प्रत्येक खेळाडूच्या हाती एक लाख पडला. 6 फेब्रुवारी 2022 ला त्या गेल्या. त्याच दिवशी अहमदाबादेत भारताचा हजारावा एकदिवसीय सामना होता. एवढा मोठा टप्पा, पण खेळाडूंनी दंडाला काळी फीत बांधली आणि खेळायला उतरले. त्या फितीत 1983 चं ऋण होतंच.

वरचं खाली झिरपतं. आमच्याकडच्या रात्रीच्या कबड्डी स्पर्धा बहुतेक ‘स्व. अमुक स्मृती चषक’ असतात. फोटोला हार, नारळ, पाहुण्यांची लांबलचक भाषणं. तोवर अंगाला माती लावून पोरं थंडीत कुडकुडतात. हल्ली यूट्यूबवर थेट प्रक्षेपण आणि प्रत्येक गुणाला डीजे. हौस आहे, करावी. पण ज्याच्या नावाचा चषक आहे तो चढाईपटू होता की कोपरारक्षक, कोणाची पकड त्याने कधी सुटू दिली नाही, एवढं तरी समालोचकाने स्पर्धेत एकदा सांगावं. त्या वेळी डीजेवाल्याने आवाज बंद ठेवावा.