निळू फुले : ओळखीचा खलनायक

निळू फुले यांचे १३ जुलै २००९ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहून आले आणि अजूनही अधूनमधून येते. या लेखांत एक वाक्य हमखास असते. पडद्यावर इतका दुष्ट दिसणारा माणूस प्रत्यक्षात किती सज्जन होता, हे ते वाक्य. ते खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबले की त्यांच्या अभिनयाचे मर्म निसटते. नटाच्या सज्जनपणाचे कौतुक करायला फारसे काही लागत नाही. त्याने जो दुष्ट माणूस उभा केला तो कोण होता, आपण त्याला लगेच कसे ओळखले, हा प्रश्न मात्र आपल्यालाच अडचणीत आणतो. या लेखात मला तोच प्रश्न विचारायचा आहे.

जालना जिल्हा १९८१ साली झाला. त्याच्या आधीची, आमच्या मंठ्यातली एक आठवण सांगतो. गावात तंबूतला सिनेमा आला होता. मधोमध दोर बांधून एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बाया बसल्या होत्या. आमच्या मोहल्ल्यातल्या चार-सहा बायाही बुरखे सावरीत मागच्या रांगेत होत्या. पडद्यावर निळू फुले आले. त्यांनी अजून काहीच वाईट केले नव्हते. टोपी सारखी करून ते नुसते कुणाकडे तरी तिरपे बघत होते. तेवढ्यात बायांच्या बाजूने शिव्या सुरू झाल्या, आणि आमच्या मागून कुणीतरी हळूच जवळच्या एका गावातल्या बड्या शेतकऱ्याचे नाव घेतले. आजूबाजूचे हसले. पण ते हसणे लगेच थांबले, कारण त्या बड्या माणसाचा सालगडी आमच्यातच बसला होता. घरी येताना मी अब्बांना विचारले, लोक गप्प का झाले? अब्बा म्हणाले, “सच निकल गया मुँह से, इसलिए.”

एवढ्या वर्षांत निळू फुल्यांबद्दल मी जे काही वाचले त्यात अब्बांच्या या वाक्याइतके नेमके दुसरे काही मला सापडले नाही. हिंदी सिनेमातला खलनायक आम्हाला परका होता. तो बंगल्यात राहायचा, दारू पिऊन इंग्रजीत बोलायचा आणि शेवटी मार खायचा. निळू फुल्यांचा खलनायक आमच्या बाजारात येत होता. तो राम राम घालायचा. सलामाला सलामाने उत्तर द्यायचा. ईदेला शिरखुर्मा खायला येऊन बसायचा आणि उठताना सहज एखाद्या शेताच्या बांधाची गोष्ट काढायचा. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कानांना त्याची मराठी चांगली कळत होती, कारण हुकूम आम्हाला त्याच भाषेत मिळत आला होता.

हा चेहरा त्यांना कुठून मिळाला, हे समजून घेण्यासाठी त्यांची सुरुवात पाहावी लागते. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळीकाम करीत होते. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून ते रंगमंचावर आले. शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने ते राम नगरकरांच्या जोडीने गावोगाव पोहोचले. लोकनाट्याचा वग नटाला फार मोठी शिकवण देतो. समोरचा प्रेक्षक हीच तिथली संहिता असते. कुठल्या शब्दाला गाव हसते, कुठे चपापते, पाटलाचे नाव काढले की पुढची रांग कशी होते, हे तिथे रोज कळते. ही परंपरा आपल्यालाही परकी नाही. पेशवाईतले शाहीर सगनभाऊ मुसलमान होते. बार्शीचे अमर शेख, मूळचे मेहबूब हुसेन पटेल, यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारून लाखोंना जागे केले. निळू फुले त्याच मातीतून आले. गाव वरून कसे दिसते ते त्यांना ठाऊक नव्हते. खालून कसे दिसते ते पक्के ठाऊक होते.

१९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेले अण्णाच्या भूमिकेत ते पडद्यावर आले. पुढच्या काही वर्षांत मराठी ग्रामीण चित्रपटाचे त्यांच्यावाचून पान हलेना. पण त्यांच्या कारकिर्दीचा खरा कस १९७५ च्या ‘सामना’त लागला. विजय तेंडुलकरांची पटकथा आणि डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन. पटेलांचा हा पहिला चित्रपट. तो त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात गेला. त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली तरी तो जुना वाटत नाही. यात फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातला सम्राट. त्याच्या समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, स्वातंत्र्यलढ्यातून आलेला आणि दारूत बुडालेला. मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, एवढेच तो विचारीत राहतो.

हिंदुराव या मास्तराला मारहाण करीत नाही. तो त्याला घरी आणतो, पाहुणा करतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा हौसेने दाखवतो. फुल्यांनी या पाहुणचारात सगळी दहशत भरली आहे. ते आवाज चढवीत नाहीत. ज्याच्या हाताखाली कारखाना, पोलीस आणि पुढारी आहेत त्याला ओरडण्याची गरजच पडत नाही, हे त्यांनी ओळखले होते. दुसऱ्या एखाद्या नटाने हिंदुरावाला राक्षस केले असते. फुल्यांचा हिंदुराव कर्तबगार आहे. त्याने माळरानावर ऊस पिकवला आहे, शेकडो हातांना काम दिले आहे, आणि त्याबद्दल त्याला खराखुरा अभिमान आहे. म्हणूनच मास्तराचा प्रश्न त्याला टोचतो. एवढे सगळे केले, त्यात एक माणूस गेला तर काय बिघडले, असा त्याचा हिशोब आहे. हा हिशोब ऐकताना आपणही क्षणभर मान डोलावतो. ही फुल्यांच्या अभिनयाची ताकद आहे, आणि प्रेक्षक म्हणून आपली कसोटीही.

चार वर्षांनी, १९७९ साली, जब्बार पटेलांनीच ‘सिंहासन’मध्ये त्यांना अगदी उलट बाजूला बसवले. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरच्या या चित्रपटात ते पत्रकार दिगू टिपणीस आहेत. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि लागूंचा अर्थमंत्री आपापले डाव टाकतात. दिगू बहुतेक वेळ ऐकतो, पाहतो. सगळे कळणारा आणि काहीही करू न शकणारा हा माणूस. शेवटी त्याचे भान सुटते. ज्या चेहऱ्यावर आपण सत्तेची मस्ती पाहिली त्याच चेहऱ्यावर सत्तेपुढची हतबलता पाहिली की या नटाचा आवाका कळतो. मेकअपची मोठी उलथापालथ न करता त्यांनी हे केले.

आता ज्या भूमिकेबद्दल आपल्या वाचकांनी मुद्दाम विचार करावा असे मला वाटते, तिच्याकडे येतो. १९७२ साली कमलाकर सारंगांनी तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ रंगमंचावर आणले. सखाराम होते निळू फुले, चंपा होत्या लालन सारंग. नाटकावर वादळ उठले, परिनिरीक्षणाचा झगडा न्यायालयापर्यंत गेला. अश्लीलतेची चर्चा तेव्हा इतकी झाली की या नाटकात एक दाऊद आहे, याकडे फारसे कुणी पाहिले नाही. दाऊद हा सखारामचा दोस्त. घरात गणपती बसतो. आरतीच्या वेळी दाऊदही आरती म्हणू लागतो. धार्मिक वृत्तीची लक्ष्मी त्याला अडवते, कारण तो मुसलमान आहे. सखाराम तिला मारतो.

हा प्रसंग वाचताना मुसलमान वाचकाने काय करावे? आपल्या माणसाची बाजू घेतली म्हणून सखारामला शाबासकी द्यावी? दाऊदला मिळालेला न्याय एका असहाय बाईच्या पाठीवरच्या वळांतून आला आहे. आणि नाटकाच्या शेवटी त्याच दाऊदचे नाव चंपाच्या मरणाचे कारण होते. चंपाचे दाऊदशी संबंध आहेत असे लक्ष्मी सांगते आणि सखाराम चंपाचा गळा दाबतो. सखाराम जातधर्म मानीत नाही, देवाला जुमानीत नाही, लग्नाचे ढोंग धुडकावतो. पण बाई त्याला आपल्या मालकीची हवी. पुरोगामी तोंडाचा आणि जुन्या हाताचा हा माणूस आहे. दाऊदसाठी उगारलेला हात आणि चंपाच्या गळ्याभोवतीचा हात एकच आहेत. हे एका शरीरात दाखवायचे तर नागर रंगभूमीवरचा घासूनपुसून घेतलेला नट कमी पडला असता. सारंगांनी लोकनाट्यातला माणूस निवडला, यात त्यांची दृष्टी दिसते.

एवढे श्रेय दिल्यावर तक्रारही नोंदवली पाहिजे. ‘सामना’नंतर मराठी चित्रपटाने निळू फुल्यांचे काय केले? त्यांचा चेहरा ठरून गेला. पुढच्या कितीतरी चित्रपटांत हिंदुरावाचा ऊस, कारखाना, सोसायटी आणि निवडणूक गळून पडली, आणि उरला तो बायांवर डोळा ठेवणारा गावगुंड. सत्तेचा रोग वासनेपुरता आटोपला. शेवटी नायकाने त्याला चार ठोसे दिले की गाव सुखी. असा पाटील पाहून प्रेक्षक निर्धास्त होऊन घरी जातो. कारण आपल्या गावचा मोठा माणूस बायांच्या वाटेला जात नसेल तर तो चांगलाच, असे त्याला वाटू लागते. हिंदीनेही त्यांना मोजकेच दिले. ‘सारांश’ (१९८४) मधला गजानन चित्रे हा राजकारणी लक्षात राहतो. ‘कुली’ (१९८३) मध्येही ते होते, पण तिथे सगळा उजेड नायकावर.

हा दोष लेखक-दिग्दर्शकांचा, हे मान्य. पण इतक्या जाणत्या नटाने त्याच त्या भूमिका का स्वीकारल्या, हेही विचारावे लागते. एक उत्तर पोटापाण्याचे आहे आणि ते कमी प्रतीचे नाही. दुसरे उत्तर त्यांच्या रंगमंचावरच्या कामात आहे. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये ते स्वातंत्र्यलढ्यातले गांधीवादी अप्पाजी झाले. डॉ. लागूंच्या बरोबरीने सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग त्यांनी केले, आणि त्यातून चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळण्याची सोय झाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते उभे राहिले. सिनेमाने जे करू दिले नाही ते त्यांनी इतरत्र करून घेतले.

आता आपल्याकडे वळू. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या मराठीतल्या दोन मोठ्या राजकीय चित्रपटांचा दिग्दर्शक जब्बार पटेल, याचा आपण अभिमान बाळगतो. बाळगावाही. पण पटेलांनी या चित्रपटांत मुसलमानांचे दुःख मांडले नाही. त्यांनी महाराष्ट्राचे दुखणे मांडले, तेही या प्रदेशाचा हक्काचा रहिवासी म्हणून. हे आपल्याला अजून नीट जमलेले नाही. आपले लेखन बहुधा बाहेरच्या अन्यायाकडे बोट दाखवते. ते बोट खोटे नसते. पण आपल्या मोहल्ल्यातला हिंदुराव कुठे आहे? मराठवाड्यात वक्फच्या जमिनी मोठ्या आहेत. त्या कुणाच्या नावावर गेल्या, कुणी विकल्या, हे मशिदीच्या वजूखान्याजवळ बसणारा प्रत्येक म्हातारा जाणतो. जमातीच्या बैठकीत आवाज न चढवता सगळे आपल्या मनासारखे करून घेणारा, गरिबाच्या लेकीच्या लग्नाला देग पाठवणारा आणि तलाकपीडित बाईला दारातून परत पाठवणारा माणूस आपण पाहिलेला आहे. त्याच्यावर एखादी कविता आपण लिहिली असेल. त्याच्यावर भूमिका लिहिली का? नटाने उभे राहून बोलावी, आणि बघणाऱ्याच्या तोंडून नकळत खरे नाव निघून जावे, अशी?

दाऊदसुद्धा तेंडुलकरांना लिहावा लागला. तो आपण लिहिला असता तर चंपाच्या मरणानंतर त्याचे काय झाले, हे कदाचित आपल्याला कळले असते. तेंडुलकरांचे नाटक त्याच्या घरापर्यंत जात नाही. तिथे जाण्याची वाट आपल्यालाच ठाऊक आहे.

निळू फुल्यांवर लिहिताना आपण त्यांच्या सज्जनपणाला सलाम करून मोकळे होऊ नये, असे म्हणालो ते यासाठी. ते स्वतः जन्मभर समाजवादी विचाराने वागले, आणि तरीही हिंदुरावाला समजून घेऊन त्याच्या कातडीत शिरले. शत्रूची टिंगल करून त्यांनी भागवले नाही. आपल्यातल्या बड्या माणसाला असे आतून दाखवण्याची हिंमत आपल्या लेखणीत आली, तर भूमिका करायला नट मिळतील. मंठ्यासारख्या गावांत आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात उत्तम नकला करणारी मुस्लिम पोरे-पोरी आहेत. आज त्या पोरांना पडद्यावरच्या हिरोंच्या नकला करता येतात. त्यांच्या हातात आपण त्यांच्याच गल्लीतले संवाद द्यायचे आहेत.

त्या रात्री तंबूत जे नाव निघाले ते मी आजही इथे लिहिलेले नाही. कारण विचाराल तर सांगतो. त्या घरची माणसे अजून बाजारात भेटतात, सलामाला उत्तर देतात, आणि मीही गप्प बसणाऱ्यांतलाच एक आहे.