कापलेला गोटा आणि त्याचा हरवलेला पत्ता

मुरबाड तालुक्यातील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सिद्धगडाखालच्या ओढ्यातून आणलेला गोटा मधोमध कापून मांडला होता. बाहेरून मातकट, आत पांढऱ्या स्फटिकांची दाटी. शेजारी चिठ्ठी : 'ज्वालामुखीत तयार झालेले स्फटिक'. गर्दी हटत नव्हती. आम्हीही रेंगाळलो. तरीही मांडणी फसली, असेच आमचे मत झाले.

चिठ्ठीच मुळात अर्धवट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या राहिल्या. स्फटिक मात्र नंतर, खडकातून झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्यातून सावकाश बसले. पोकळी लाव्हाची, आतला ऐवज पाण्याचा!

त्याहून मोठी उणीव म्हणजे गोट्याचा पत्ताच नाही. लाव्हाच्या प्रवाहात बुडबुडे वर चढतात, म्हणून थराचा माथा सच्छिद्र, मधला कातळ घट्ट आणि तळाशी कधीकधी नळीसारख्या उभ्या पोकळ्या. सह्याद्रीच्या कड्यात एक थर कुठे संपला नि दुसरा कुठे सुरू झाला, हे विद्यार्थ्यांना यावरून ओळखता येते. ओढ्यात घरंगळत आलेला गोटा यातले काहीच सांगू शकत नाही. काही अकीकांत सपाट समांतर पट्टे असतात. पोकळीत साका आडवा बसल्याची ती खूण. पण दगड जागेवर असतानाच वरची बाजू रंगाने खुणावून उभा छेद घेतला, तरच ती वाचता येते. इथे कटर फिरवला तो स्फटिक कुठे जास्त चमकतील या अंदाजाने.

आणि कटर घरचा, फरशी कापायचा, कोरडा चालवलेला. गारगोटीची बारीक धूळ डोळ्यांना दिसत नाही, नाकावरच्या रुमालाला जुमानत नाही. दगडखाणीतल्या कामगारांना सिलिकोसिस होतो तो याच धुळीने. हातातल्या विजेच्या कटरवर पाणी ओतणे हाही उपाय नव्हे, तिथे शॉकचा धोका. पाण्यावर चालणारे यंत्र असलेल्या कारखान्यातच दगड कापून घ्यावा.

सिद्धगडचे रान भीमाशंकर अभयारण्यात येते, आणि १९२७च्या वन कायद्यानुसार जंगलातला दगडसुद्धा वनोपज ठरतो. तो पिशवीत घालून आणायचा नसतो, हे मुलांना कोणी सांगितलेले दिसले नाही.

खरे तर इतके दूर जायचीही गरज नाही. गावात नवी विहीर खणली की काठावर ढीग पडतो. कुठला दगड किती हातांवर लागला, हे खणणाऱ्यांना विचारून लिहून घेता येते. त्यात झिओलाइट हमखास नाही, पण पुष्कळदा सापडते. तांदळाएवढा तुकडा उन्हात वाळवून कोरड्या परीक्षानळीत तापवावा. नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली तापवल्यावर उकळल्यासारखा दिसणारा म्हणूनच या दगडाला 'झिओलाइट' नाव दिले. गारगोटीचा तुकडा तापवून थेंब येत नाहीत. दोन्ही नळ्या शेजारी ठेवाव्यात; गोटा कापावाही लागत नाही.