उत्तरायणापूर्वींचा विसावा

डिसेंबरच्या २१-२२ तारखेस वर्षांतील सर्वांत मोठी रात्र येते. त्या रात्रीं दिवे मंद करून स्वस्थ बसावें, सरत्या वर्षाचा मनांत हिशेब मांडावा, आणि अंगाला व बुद्धीला विसावा द्यावा, अशी चाल उत्तरेकडील थंड देशांत कांहीं लोक पाळतात. अलीकडे आपल्याकडील कांहीं सुशिक्षित घरांतूनहि तिचें अनुकरण होऊं लागलें आहे. यावर दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, चाल चांगली आहे, ती खुशाल उचलावी. दुसरा म्हणतो, घरची मकरसंक्रांत असतां ही उसनवारी कशाला? आम्हांस हीं दोन्ही मतें घाईचीं वाटतात. उसनें घेण्यापूर्वीं आणि उसनें नाकारण्यापूर्वींहि आपल्या घरीं या विषयावर काय आहे, तें नीट वाचलें पाहिजे. या वाचनाचा आरंभ आम्ही एखाद्या ग्रंथापासून न करतां कोल्हापुरांतील एका देवळापासून करतों.

श्रीमहालक्ष्मीचें देऊळ पश्चिमाभिमुख आहे. तेथें वर्षांतून दोनदां किरणोत्सव होतो: एकदां ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि पुन्हां ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. मावळत्या सूर्याचा किरण महाद्वारांतून आंत येतो. गरुडमंडप, गणपती चौक व कासव चौक ओलांडून, पितळी उंबऱ्यावरून चांदीच्या उंबऱ्यापर्यंत पोचतो, आणि पहिल्या दिवशीं देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशीं वक्षावर व तिसऱ्या दिवशीं मुखावर पडतो. ढग, हवेंतील धूळ आणि वाटेवरील बांधकामें यांमुळें यांत कधीं कधीं खंड पडतो, आणि मग किरण कोठपर्यंत पोचला, याचीच चर्चा गांवांत चालते.

परंतु या दोन तारखा शेजारीं शेजारीं मांडून पाहण्याचें सहसा कोणी मनावर घेत नाहीं. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस होतात, आणि २१ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे दोन्ही किरणोत्सव वर्षांतील सर्वांत लहान दिवसाच्या दोन बाजूंस जवळजवळ सारख्याच अंतरावर उभे आहेत. कारण उघड आहे. नोव्हेंबरांत दक्षिणेकडे सरकणारा सूर्य देवळाच्या नजरेच्या रेषेंतून एकदां जातो, पुढें आपली सीमा गांठतो, आणि परततांना त्याच रेषेंतून पुन्हां जातो. कोल्हापुरांत किरणोत्सवाच्या वेळीं सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारें १८ अंश दक्षिणेस मावळतो, व २१ डिसेंबरला सुमारें साडेचोवीस अंश. मधलें अंतर आकाशांत बाराएक सूर्यबिंबें ओळीनें मांडावीं एवढें भरतें. गर्दी होते ती सूर्य गाभाऱ्यांत येतो त्या दिवसांत. तो लांब जाऊन परत येतो, त्या ऐंशी-ब्याऐंशी दिवसांकडे कोणाचें लक्ष नसतें. आमच्या मतें या रचनेचा अर्धा अर्थ त्या रिकाम्या दिवसांत आहे.

त्या दिवसांत सूर्याची चालहि पाहण्यासारखी असते. १० नोव्हेंबरच्या सुमारास तो रोज जवळजवळ अर्ध्या बिंबाएवढा दक्षिणेस सरकतो, आणि म्हणूनच तीन दिवसांत चरणांपासून मुखापर्यंत फरक पडतो. पुढें ही चाल मंदावत जाते. २१ डिसेंबरच्या आधींचे पांच व नंतरचे पांच दिवस घेतले, तर त्या साऱ्या अवधींत सूर्य बिंबाच्या चौथ्या हिश्शाएवढाहि हलत नाहीं. उघड्या डोळ्यांनीं पाहणाराला तो थांबलेलाच दिसतो. लॅटिनवरून आलेल्या युरोपीय शब्दाचा अर्थहि 'सूर्याचें थांबणें' असाच आहे. आमचे शब्द मात्र चालण्याचे आहेत. अयन म्हणजे जाणें. संक्रांत म्हणजे ओलांडणें. यावरून कोणी म्हणेल कीं, आमच्या पूर्वजांस या काळांतलें थांबणें दिसलेंच नाहीं. तें खरें नाहीं. कौषीतकी ब्राह्मणांत वर्षभर चालणाऱ्या सत्राचें वर्णन आहे. तेथें सांगितलें आहे कीं, माघाच्या अमावास्येस उत्तरेकडे वळण्यापूर्वीं सूर्य थांबतो. यज्ञास बसणारेहि त्याच्याबरोबर थांबतात. आणि मग तो सहा महिने उत्तरेस जातो तेव्हां ते त्याच्या मागोमाग निघतात. तेथें सूर्याच्या थांबण्यास जें क्रियापद योजिलें आहे, तें 'उपवसति'. उपवास या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणें असा आहे; पोट रिकामें ठेवणें हा त्याचा मागाहून रूढ झालेला अर्थ. वर्षभराच्या श्रमाला हात घालण्यापूर्वीं सूर्याच्या जवळ राहून थांबावें, इतका सरळ हा विचार आहे. उसना आणण्याची गरज नव्हती. आपला आपणांस विसर पडला होता.

विसर पडण्यास एक कारण पंचांगाचें आहे. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत लिहून ठेविलें कीं, पूर्वीच्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठांच्या आरंभीं सांगितलें असलें, तरी आपल्या काळीं तें मकराच्या आरंभीं होतें. आणि कोणास शंका असेल, तर उगवत्या वा मावळत्या सूर्याचा दूरच्या खुणेशीं मेळ घालून पाहावा, किंवा वर्तुळांत शिरणारी व बाहेर पडणारी छाया पाहावी. ग्रंथापेक्षां डोळ्यांवर विश्वास ठेवणारा हा उपदेश किरणोत्सवाच्या गांवांत तरी लोकांस पटावा. त्या काळीं मकरसंक्रांत व खरें उत्तरायण जवळजवळ एकत्र होतें. पुढें अयनचलनामुळें सुमारें ७०-७२ वर्षांस एक दिवस या मानानें दोहोंत अंतर पडत गेलें. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीस येते, आणि सूर्य त्याआधीं तीन आठवड्यांहून अधिक काळ उत्तरेकडे वळलेला असतो. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या मराठी ग्रंथांत या प्रश्नाचा सांगोपांग विचार केला आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरूं झाली. तिच्यांत पौष १ ही तारीख २२ डिसेंबरला येते, म्हणजे महिना खऱ्या उत्तरायणास जोडलेला आहे. ती दिनदर्शिका सरकारी कागदांवर राहिली. घरांत आली नाहीं.

म्हणून संक्रांत चुकीची ठरवून तिची थट्टा करणारेहि आहेत. त्यांस आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं आठ-दहा आठवडे पहाटे उठून पाहावें. कोल्हापुरांत सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्याच्या सुमारास, आणि सूर्योदय सर्वांत उशिरां होतो तो जानेवारीच्या उत्तरार्धांत. सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या मध्यें येतो. संध्याकाळ आधीं सुधारते. सकाळ मात्र संक्रांत उलटेपर्यंत काळोखांतच अधिकाधिक रुतत जाते. पहाटे चूल पेटविणाऱ्या बाईस दिवस फिरल्याचें जाणवतें तें संक्रांतीनंतरच. तेव्हां सूर्याचें वळणें ही एका तिथीची गोष्ट नसून दोनअडीच महिन्यांची गोष्ट आहे, आणि आपल्या चालींनीं ती तशीच संभाळली आहे. धनुर्मासांत, ज्याला आपण धुंधुरमास म्हणतों, रात्र मोठी म्हणून सूर्य उगवतांच मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी व लोणी खावयाचें. त्या महिन्यांत लग्नकार्यें काढावयाचीं नाहींत. पुढें भोगी, संक्रांत, आणि रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. उत्तरायण हा देवांचा दिवस व दक्षिणायन ही त्यांची रात्र, या जुन्या हिशेबानें धनुर्मास देवांची पहाट ठरतो. कामाला लागण्याआधींची, अंथरुणांत जागें असण्याची ती वेळ आहे.

या वेळेचें सर्वांत मोठें चित्र महाभारतांत आहे. शरपंजरीं पडलेल्या भीष्मानें सूर्य दक्षिणायनांत आहे असें पाहून मरण लांबविलें, आणि अशा ५८ रात्री काढल्या. कीर्तनांतून ही कथा इच्छामरणाचा महिमा म्हणून किंवा उत्तरायणांतील मृत्यूचें पुण्य म्हणून सांगितली जाते. आम्हांस तें वाचन तोकडें वाटतें. या प्रतीक्षेंत भीष्म काय करतो, तें पाहावें. जिंकलेल्या युधिष्ठिरास राज्य नकोसें झालें आहे. आपल्या माणसांच्या मरणानें तो खचला आहे. कृष्ण त्याला भीष्माकडे नेतो. युधिष्ठिर विचारीत जातो व भीष्म सांगत जातो. राजानें कसें वागावें, संकटांत धर्म कोणता, मोक्ष म्हणजे काय, अशा प्रश्नांनीं तो काळ भरला आहे. शांतिपर्व हें महाभारतांतील सर्वांत मोठें पर्व झालें तें यामुळें. त्यांतला बराच भाग मागाहून घातलेला आहे असें विद्वान् म्हणतात. तसें असेल, परंतु मग घालणाऱ्यांनीं तो येथेंच कां घातला? युद्ध संपलें आहे, राज्य सुरूं व्हावयाचें आहे, आणि सूर्य अजून वळावयाचा आहे. विचार करण्यास याहून योग्य जागा त्यांस साऱ्या ग्रंथांत दिसली नाहीं, हा त्यांचा रसिकपणा आम्ही मान्य करतों. आणखी एक गोष्ट. भीष्मासाठीं मऊ उशा आणल्या, तेव्हां त्यानें त्या नाकारल्या आणि अर्जुनाकडून बाणांची उशी घेतली. विसावा आणि सुखासीनता यांतला फरक कवीनें एवढ्या एका प्रसंगांत दाखविला आहे.

उसन्या चालीवर आमचा खरा आक्षेप येथें येतो. लंडनमध्यें डिसेंबरांतील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनहि कमी असतो. काळोख व थंडी माणसास घरांत बसवितेच. कोल्हापुरांत तोच दिवस अकरा तासांहून थोडा अधिक असतो, आणि जूनमधील सर्वांत मोठ्या दिवसाशीं त्याचें अंतर सुमारें दोनच तासांचें. येथें सृष्टि कोणाला थांबवीत नाहीं. उलट हाच आमच्या जिल्ह्यांतील सर्वांत कष्टाचा हंगाम आहे. उसाची तोड चाललेली असते. मराठवाड्यांतून आलेल्या टोळ्या पहाटेच्या गारठ्यांत फडांत उतरतात. गुऱ्हाळांवर चुलवाण पेटलेलें असतें आणि काहिलींत एकामागून एक आधण चढत असतें. १८९५ सालीं शाहू महाराजांनीं वसविलेल्या शाहूपुरीची पेठ ज्या गुळावर नांवारूपास आली, तो गूळ याच दिवसांत तयार होतो. आपण संक्रांतीला ज्या गुळानें गोड बोलावयास सांगतों, तो करणारास त्या महिन्यांत बसावयास उसंत नसते. घरांतहि तीच गोष्ट. धुंधुरमासाचें जेवण सूर्योदयाबरोबर पानांत पडावें म्हणून कोणीतरी काळोखांत उठलेलें असतें, आणि तें कोणीतरी बहुधा एकच असतें. भोगीच्या भाजीचें व तिळाच्या भाकरीचें कौतुक सर्वांनीं करावें, आणि पाठ मात्र एकीची दुखावी! अशा घरांत दिवे मंद करून आत्मचिंतन करणें म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर बसणें होय.

म्हणून ही चाल सोडून द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. कौषीतकी ब्राह्मणांत एकटा यजमान थांबत नाहीं; सत्रास बसणारे सारेच थांबतात. आमच्या परंपरेंतील विसाव्याची ही अट आहे, आणि नव्या अनुकरणांत नेमकी तीच गळते. ज्यास हा काळ पाळावयाचा असेल, त्यानें नवा सण उभारूं नये. जें आहे तेंच नीट वाटून घ्यावें. धुंधुरमासांतील एका तरी पहाटे, रोज वाढून घेणाऱ्यांनीं खिचडी शिजवावी, आणि रोज उठणारीनें ऊन अंगावर येईपर्यंत निजावें. त्या दिवशीं संध्याकाळीं घरांतील लहानांनीं मोठ्यांस प्रश्न विचारावे, युधिष्ठिरासारखे, उत्तरानें अवघडल्यासारखें व्हावें असे. आणि मोठ्यांनीं उत्तर ठाऊक नसेल, तर तसें सांगावें. ज्यांच्या हाताखालीं माणसें राबतात, त्यांनीं आपल्या विसाव्याबरोबर त्या माणसांस भरपगारी सुटी द्यावी. एवढें न जमल्यास सर्वांत मोठ्या रात्रीची आठवण काढण्यांत फारसें तात्पर्य नाहीं.

आणि कोल्हापुरांत असाल, तर २१ डिसेंबरला सूर्यास्ताच्या वेळीं महाद्वारांत उभे राहा. गर्दी नेहमींचीच असेल. किरणाची वाट पाहणारें कोणी नसेल. सूर्य पश्चिमेस डावीकडे, आपल्या सीमेवर मावळलेला असेल. तेथून देवीच्या चरणांपर्यंत परत येण्यास त्याला ४१-४२ दिवस लागतात, आणि त्यांतले पहिले पांच-सहा दिवस तो जागचा हललेलासुद्धां दिसत नाहीं.