ती आडवी रेघ कोठून आली?

विज्ञान शिक्षक आणि अकरावीचे काही विद्यार्थी यांच्यासाठी भरलेल्या एका कार्यशाळेत आम्ही साधा लंबक संगणकावर दाखवण्याचे काम दिले होते. पडद्यावर एक खिडकी उघडायची, तीत लंबकाची लांबी बदलण्यासाठी एक सरकपट्टी ठेवायची आणि खालच्या पाटीवर दोलनकाल उमटवायचा. लांबी २५ सेंटिमीटर केली की सुमारे १ सेकंद, १०० सेंटिमीटर केली की सुमारे २ सेकंद. लांबी चौपट झाली तरी दोलनकाल दुप्पटच का होतो, हे मुलांना स्वतः पट्टी सरकवून कळावे, एवढाच हेतू. भाषा पायथन आणि खिडकी काढण्यासाठी तिच्याबरोबर येणारा टीके-इंटर हा साधनसंच.

एका विद्यार्थिनीने पाटीवरील अक्षरे लाल व्हावीत म्हणून 'कलर' बरोबर 'रेड' असे लिहिले. संगणकाने ते नाकारले. त्याचे म्हणणे असे, की 'आडवी रेघ कलर' हा पर्याय त्याला माहीत नाही. तिने आपली ओळ पुन्हा तपासली आणि विचारले, "सर, मी आडवी रेघ लिहिलेलीच नाही. ती कोठून आली?" शेजारच्या शिक्षकांनी उत्तर दिले, "ते तसेच असते. तू 'कलर' ऐवजी 'फोरग्राउंड' लिही." तिने लिहिले, अक्षरे लाल झाली, काम पुढे गेले. प्रश्न मात्र तेथेच राहिला. आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. त्याचे उत्तर शोधू लागलो, तर या साधनसंचाचे गुण आणि दोष दोन्ही हाती लागतात.

खिडकी, कळ, पाटी, सरकपट्टी या गोष्टी पडद्यावर ठिपक्या-ठिपक्याने काढत बसणे कोणालाही परवडणारे नसते. म्हणून त्या आधीच तयार करून एकत्र ठेवलेल्या असतात. त्या संग्रहाला साधनसंच म्हणायचे. टीके हा असाच एक संच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन ऑस्टरहाउट हे संगणकशास्त्रज्ञ विद्युत-मंडलांचे आराखडे तयार करणाऱ्या आज्ञावलींवर काम करीत. अशा प्रत्येक आज्ञावलीसाठी आज्ञा देण्याची वेगळी आणि बहुधा ओबडधोबड भाषा बनवावी लागे. हा त्रास टाळण्यासाठी त्यांनी १९८८ मध्ये कोणत्याही आज्ञावलीत बसवता येईल अशी एक छोटी भाषा रचली. तिचे नाव टीसीएल, उच्चार 'टिकल'. खिडक्या काढण्याचा टीके हा संच त्यांनी पुढे या भाषेसाठीच तयार केला. या कामाबद्दल त्यांना १९९७ चा एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला.

म्हणजे टीकेची मातृभाषा टिकल. टिकलमध्ये पर्यायाचे नाव लिहिताना त्याच्या आधी आडवी रेघ द्यावी लागते. आता पायथनमधून टीके वापरताना काय घडते ते पाहू. स्टीन लुमहोल्ट आणि पायथनचे जनक गिदो व्हान रॉसम यांनी लिहिलेला टीके-इंटर स्वतः एकही कळ काढत नाही. तो दुभाष्या आहे. पायथनच्या पोटात टिकलचा एक पूर्ण अनुवादक बसवलेला असतो. आपण पायथनमध्ये 'पाटी काढ' म्हटले, की टीके-इंटर त्याची टिकलमधील आज्ञा तयार करतो, पर्यायाच्या नावामागे रेघ जोडतो आणि ती आतल्या अनुवादकाकडे देतो. आज्ञा चुकली तर तक्रार आतून, टिकलच्या शब्दांत येते आणि तशीच पडद्यावर उमटते. विद्यार्थिनीला दिसलेली रेघ हीच. आपण पायथनशी बोलतो आहोत असे तिला वाटत होते, पण उत्तर देणारा दुसराच होता.

सरकपट्टीतही हीच खूण दिसते. पट्टी कोठून सुरू व्हावी हे सांगणाऱ्या पर्यायाचे टिकलमधील नाव 'फ्रॉम'. पायथनमध्ये मात्र हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणून आपल्याला 'फ्रॉम' लिहून त्याच्या शेवटी एक तळरेघ द्यावी लागते आणि दुभाष्या ती काढून टाकून शब्द पुढे पाठवतो. पुष्कळ मुले ही तळरेघ पाढ्यासारखी पाठ करतात. कारण कळले तर पाठ करण्याची गरज उरत नाही.

आता गुणाकडे वळू. टीके पायथनपुरता राहिला नाही. पर्ल, रुबी आणि संख्याशास्त्रज्ञांची आर या भाषांमध्येही तो पोहोचला. आर भाषेसाठी पीटर डालगार्ड यांनी जोडणी केली आणि तिच्या आधारे जॉन फॉक्स यांनी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी 'आर कमांडर' ही खिडक्यांची आज्ञावली उभी केली. इतक्या भाषांना हा संच का मानवला? कारण टिकलमध्ये प्रत्येक गोष्ट शब्दांच्या माळेसारखी लिहिता येते. संख्या, रंग, कळीचे नाव, सारे काही अक्षरांत. ज्या भाषेला अक्षरांची माळ पाठवता येते, तिला टीकेशी बोलता येते. याउलट क्यूटीसारखा संच सी-प्लस-प्लस या भाषेत बांधलेला आहे. त्या भाषेची गुंतागुंतीची रचना दुसऱ्या भाषेच्या साच्यात बसवण्यासाठी फार मोठी यंत्रणा उभारावी लागते.

दुभाष्या नको असेल तर दुसरी वाट कोणती? पर्लसाठी निक इंग-सिमन्स यांनी ती चोखाळली. त्यांनी टीकेतून टिकल काढून टाकली आणि पर्लला थेट टीकेशी जोडले. पर्लच्या वापरकर्त्यांना त्यामुळे अधिक घरचे वाटणारे साधन मिळाले. पण मूळ टीकेत सुधारणा झाली की ही शस्त्रक्रिया पुन्हा करणे आले. २००७ मध्ये टीकेच्या ८.५ आवृत्तीत नव्या रूपाच्या कळा आणि पाट्या आल्या. पायथनने २००९ मध्ये, ३.१ या आवृत्तीपासून, त्या आपल्याशा केल्या. पर्लची जोडणी मात्र ८.४ च्या पायावरच राहिली. दुभाष्या ठेवण्याचा निर्णय दिसायला बेंगरूळ असला तरी काळाच्या कसोटीवर तोच टिकला, असे आम्हांस वाटते.

परंतु ज्या गुणामुळे टीके सर्वत्र पोहोचला, त्याच गुणातून त्याचे दोष निघतात. तीन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण लंबकाच्याच आज्ञावलीतील. मुलांनी दोलनकालाची किंमत पायथनच्या चलात बदलली, पण पाटीवरचा आकडा बदलेना. टीकेला फक्त टिकलच्या चलांवर लक्ष ठेवता येते. पायथनच्या चलात काय बदलले हे त्याला कळतच नाही. म्हणून टीके-इंटरमध्ये 'स्ट्रिंगव्हार' नावाचे खास चल वापरावे लागते. ते खरे तर टिकलच्या घरात राहते आणि पायथनच्या हाती केवळ त्याची किल्ली असते.

दुसरे उदाहरण मजकुराच्या चौकटीतील. पहिल्या ओळीतील दहाव्या स्थानाला टीकेमध्ये '१.१०' असे नाव आहे. एखाद्याने ते अवतरणचिन्हांशिवाय, म्हणजे संख्या म्हणून लिहिले, तर पायथनच्या लेखी १.१० आणि १.१ एकच. दहावे स्थान गेले आणि पहिले आले, तेही कसलीच तक्रार न होता. अक्षरांची माळ आणि संख्या यांत भेद न करणाऱ्या भाषेची सवय, तो भेद कसोशीने पाळणाऱ्या भाषेत आली की असे घडते.

तिसरे उदाहरण चित्राचे. एका कार्यात चित्र उघडून पाटीवर लावले आणि ते कार्य संपले, की चित्र नाहीसे होते आणि कोरी पाटी उरते. आपले कोणी नाव घेत नाही असे पाहून पायथन ते चित्र टाकाऊ ठरवते आणि टिकललाही ते पुसायला सांगते. ते पाटीवर लावलेले आहे हे टीकेला ठाऊक असते, पायथनला नसते. दोन घरांत एकच वस्तू असली म्हणजे ती कोणाची, हा वाद येथेही सुटत नाही.

हे दोष कारण कळले की सहन करता येतात. चौथा दोष मात्र आपल्या वर्गांना अधिक जवळचा आहे. टीकेने १९९९ मध्ये ८.१ आवृत्तीपासून युनिकोड स्वीकारले, त्यामुळे देवनागरी मजकूर त्यात साठवता येतो. पण साठवणे वेगळे आणि नीट काढणे वेगळे. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली तरी त्याच्या आधी काढावी लागते, जोडाक्षरे घडवावी लागतात, रफार वर चढवावा लागतो. विंडोजवर हे काम त्या प्रणालीकडून होऊन जाते. लिनक्सवर टीकेची ८.६ मालिका अक्षरे एकेक करून काढते आणि जुळणीचे काम कोणीच करीत नाही. 'विद्यार्थी' हा शब्द लिहिला तर वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाते, 'द' पाय मोडून उभा राहतो आणि रफाराऐवजी 'र' सुटा दिसतो. खर्च वाचवण्यासाठी लिनक्स वापरणाऱ्या मराठी शाळेतील मुलाला आपली भाषा पडद्यावर अशी मोडलेली दिसते आणि संगणकावर इंग्रजीच बरी, असा निष्कर्ष तो न बोलता काढतो. अनेक भाषांतून बोलावता येणारा हा संच आपल्या लिपीबाबत मात्र कमी पडला. ही उणीव आम्ही गौण मानत नाही.

तरीही शाळेत टीके-इंटर टाकून द्यावा असे आमचे मत नाही. तो पायथनबरोबर सहसा आपोआप मिळतो, फुकट आहे आणि दहा ओळींत खिडकी उघडतो. आमची तक्रार साधनापेक्षा शिकवण्याबद्दल अधिक आहे. आत टिकल आहे ही गोष्ट पायथनच्या अधिकृत माहितीत स्पष्ट सांगितलेली आहे. वर्गात येईपर्यंत ती गळून पडते आणि "ते तसेच असते" एवढेच उरते. विज्ञानाच्या वर्गात हे वाक्य शोभत नाही.

शिक्षकांनी एक छोटा प्रयोग करून पाहावा. नेहमीच्या पद्धतीने एक कळ काढावी. मग त्याच खिडकीत, आतल्या अनुवादकाला थेट आज्ञा देण्याची 'इव्हॅल' ही सोय वापरून, टिकलच्या शब्दांत आणि आडव्या रेघांसह दुसरी कळ काढावी. दोन्ही कळा शेजारी उभ्या राहिल्या की मुलांना वेगळे काही सांगावे लागत नाही. आम्ही कार्यशाळेच्या शेवटच्या तासाला हे करून दाखवले. त्या विद्यार्थिनीने दुसऱ्या कळीच्या आज्ञेतील रेघेवर बोट ठेवले आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला, "मग टिकल कोणत्या भाषेत लिहिली आहे?" ती सी या भाषेत लिहिलेली आहे. पण ते आम्ही तिला सांगितले नाही, शोधायला सांगितले.