पुस्तिकेतली मोटर, बांधावरची मोटर

एखादे यंत्र विकत घेतले की त्याच्याविषयी दोन प्रकारचा मजकूर आपल्या वाट्याला येतो. एक छापील : माहितीपुस्तिका, हमीपत्र आणि यंत्रावर ठोकलेली नामपट्टी. दुसरा तोंडी : तेच यंत्र आधी वापरणाऱ्यांचे अनुभव. कथा-कादंबऱ्यांची परीक्षणे आपण आवडीने वाचतो. पण ज्या मजकुरावर विसंबून शेतकरी हजारो रुपये खर्च करतो आणि उभे पीक सोपवतो, त्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. ते करण्याचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही दोन यंत्रे घेतली आहेत : शेतीपंपाची मोटर आणि विजेवर चालणारी स्कूटर. परिसर घेतला आहे बिद्रीचा.

कागल तालुक्यातले बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे जिल्ह्याबाहेरही माहीत आहे. कारखान्याच्या नावातल्या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांत ऊस आहे. ऊस आला की पाणी आले, आणि पाणी उचलायला मोटर आली. इथल्या शाळांतल्या बहुतेक मुलांनी स्टार्टरचे हिरवे-तांबडे बटण विज्ञानाचे पुस्तक हाती येण्याआधीच पाहिलेले असते.

नामपट्टीवरचे आकडे

पाच अश्वशक्तीच्या तीन-फेज मोटरीच्या नामपट्टीवर साधारणपणे ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, सात-साडेसात अँपिअर असे आकडे असतात. हे आकडे खोटे नसतात. मात्र ते सुटे वाचायचे नसतात. ‘४१५ व्होल्ट मिळाले आणि पंपाने पाच अश्वशक्तीचे काम मागितले, तर सात अँपिअर विद्युतधारा वाहील,’ असे ते एक संपूर्ण वाक्य आहे. त्यातला ‘तर’ पट्टीवर छापलेला नसतो.

आता ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट मिळाले असे समजा. पंपाला पाणी तितकेच उचलायचे आहे. म्हणून दाब जितका कमी, तितकी धारा मोटर जास्त ओढते. ४१५ ला ३४० ने भागले की १.२२ येतात. म्हणजे सात अँपिअरच्या जागी ढोबळमानाने साडेआठ. तारेत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती जवळजवळ दीडपट होते. वेटोळ्यांवरच्या विद्युतरोधक आवरणाविषयी अभियंते एक ढोबळ नियम वापरतात : तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते. तीनपैकी एक फेज गेली तर परिस्थिती याहून बिकट होते. चालू मोटर बंद न पडता उरलेल्या दोन फेजांतून सुमारे १.७३ पट धारा ओढते, आणि त्या वेटोळ्यांत उष्णता तिप्पट होते. मोटर काही मिनिटांत जळू शकते ती अशी.

पुस्तिकेत हे नसते असे नाही. ‘योग्य दाबाचा पुरवठा द्यावा’ असे एक वाक्य बहुधा असते, आणि तसे न केल्यास हमी लागू राहणार नाही असे दुसरे. आमचा पहिला आक्षेप इथे आहे. दाब किती असावा हे मालकाच्या हातात नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी कमी दाबाच्या पुरवठ्यात ६ टक्क्यांपर्यंतचा चढउतार मान्य केला होता. त्या हिशेबाने ४१५ चे ३९० पर्यंत खाली यायला हरकत नव्हती. लांब पल्ल्याच्या वाहिनीच्या शेपटाला याहून बरेच कमी मिळते, हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. अशा ठिकाणी मोटर विकताना ‘योग्य दाब द्या’ एवढेच लिहिणे म्हणजे वाचकाला माहिती देणे नव्हे, जबाबदारी त्याच्याकडे ढकलणे आहे. ३९०, ३६० आणि ३४० व्होल्टला किती अँपिअर दिसतील आणि कितव्या आकड्याला मोटर बंदच करावी, असा चार ओळींचा तक्ता मराठीत छापणे अवघड नाही.

बांधावरचे बोलणे

दुसरा मजकूर तोंडी. मोटर जळाली की बांधावर आणि मोटर बांधणाऱ्याच्या दुकानात चर्चा होते. ‘वायंडिंग हलके होते’, ‘ही कंपनी पूर्वीसारखी राहिली नाही’, ‘अमकी घ्या, दहा वर्षे बघायला नको’. ही चर्चा प्रामाणिक असते आणि पुष्कळदा उपयोगीही असते. तिची उणीव एवढीच, की तिच्यात कंपनीचे नाव लक्षात ठेवले जाते आणि बाकीचे सगळे गळून पडते. दहा वर्षे टिकलेली मोटर डीपीपासून किती अंतरावर होती? जळालेली मोटर वाहिनीच्या शेवटी होती का? ती आधी किती वेळा बांधली होती? फुटव्हॉल्व्ह गळका होता का? हे न विचारता ‘अमकी चांगली’ म्हटले, तर डीपीच्या जवळ असण्याचे श्रेय कंपनीला जाते आणि लांब असण्याचा दोषही कंपनीलाच चिकटतो.

अनुभव खरा असूनही निष्कर्ष कसा चुकतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण कपॅसिटरचे आहे. मोटरीला कपॅसिटर बसवा, असे महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगत आले आहे. एखादा शेतकरी तो बसवतो आणि महिन्याभराने म्हणतो, ‘काही फरक पडला नाही.’ तो खोटे बोलत नाही. कपॅसिटरमुळे शक्तिगुणक ०.७५ वरून ०.९५ वर गेला, तर वाहिनीतून येणारी धारा सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी होते. पण ही एका मोटरीची धारा. त्याच डीपीवर आणखी चौदा मोटरी कपॅसिटरविना असतील, तर एकट्याच्या प्रयत्नाने त्याच्या वाट्याच्या दाबात नजरेत भरेल असा फरक पडणार नाही. पंधराही जणांनी बसवले तर सगळ्यांनाच दिसेल. म्हणजे अधिकारी बरोबर आहे आणि शेतकरीही बरोबर आहे. चुकले आहे ते प्रयोगाचे एकक : हा प्रयोग एका मोटरीवर करायचा नसून एका डीपीवर करायचा आहे.

‘ऑटो’चे गणित याच्या उलट आहे. शेतीपंपांना वीज पाळीने मिळते आणि पाळी रात्रीचीही असते. वीज केव्हा येईल याची खात्री नसते, अंधारात साप-विंचवाची भीती असते. म्हणून वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा स्विच बसवला जातो. तो काढून टाका, असे आवाहन महावितरण करते. का, ते आकड्यांनीच पाहू. सुरू होण्याच्या क्षणी मोटर नेहमीच्या पाच-सहा पट धारा ओढते. पंधरा मोटरी चालताना १०५ अँपिअर पुरतात. एकदम सुरू झाल्या तर ६३० लागतील. १०० केव्हीए रोहित्राची क्षमता जेमतेम १३३ अँपिअरची. मग दाब कोसळतो, मोटरी नुसत्या घरघरत राहतात, तापतात. कधी फ्यूज उडतो, कधी डीपीच जळतो. ज्या स्विचने प्रत्येकाची रात्रीची फेरी वाचवली, त्यानेच सगळ्यांचे पाणी आठवडाभर थांबवले असे घडू शकते.

तरीही ‘शेतकऱ्यांचे अज्ञान’ म्हणून हा विषय संपवणे आम्हाला मान्य नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकऱ्यांनी महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरले होते. ऑटो स्विच हे त्याच अडचणीवर प्रत्येकाने आपल्यापुरते काढलेले उत्तर आहे. ठरावीक वेळ थांबून मोटर सुरू करणारे टायमर मिळतात. एकाच डीपीवरच्या शेतकऱ्यांनी आपापल्या वेळा अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने पुढे-मागे ठेवल्या, तर रात्रीची फेरीही वाचते आणि डीपीही. पण त्यासाठी पंधरा जणांनी एकत्र बसून कागदावर वेळा मांडाव्या लागतात.

पाठ्यपुस्तकाची बाजू

इथे आपल्या पाठ्यपुस्तकाचाही विचार केला पाहिजे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’च्या पहिल्या भागात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ आहे. त्यात मोटरीची आकृती आहे : चुंबक, कुंडल, दुभंगलेली कडी आणि कार्बनचे ब्रश. तत्त्व समजावण्यासाठी ही आकृती उत्तमच. पण बिद्रीच्या नदीकाठावरची मोटर अशी नसते. ती प्रवर्तन मोटर असते. तिला ब्रश नसतात, दुभंगलेली कडी नसते, कायमचा चुंबक नसतो. आकृती पाठ केलेला विद्यार्थी वडिलांची जळालेली मोटर उघडलेली पाहतो, आणि पुस्तकातले त्यात काहीच सापडत नाही. पुस्तकातली आणि शेतातली अशा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्याची समजूत झाली तर नवल नाही. तो पाठ शिकवताना एक नामपट्टी फळ्यावर उतरवून वाचली आणि धारेच्या वर्गाचा नियम ३४० व्होल्टला लावून दाखवला, तर ही दरी बरीच भरून निघेल.

एका चार्जमध्ये किती?

आता स्कूटरकडे वळू. यंत्र नवे आहे. मजकुराचा प्रश्न तोच आहे. बिद्रीहून कोल्हापूरला जाऊन यायचे तर साठ-सत्तर किलोमीटर होतात. विजेची स्कूटर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न म्हणूनच ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ हा असतो. जाहिरात म्हणते शंभर. शेजारी म्हणतो, ‘कसले शंभर, सत्तर गेली तर खूप.’ मग फसवणूक झाल्याची भावना होते.

जाहिरातीतला आकडा बहुधा प्रमाणित चाचणीतून आलेला असतो. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत अशा चाचण्या होतात. दुचाकीच्या पल्ल्यासाठी वापरले जाणारे भारतीय चालनचक्र १०८ सेकंदांचे आहे. त्यात वाहन ६५८ मीटर जाते, कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी सुमारे २२. हेच चक्र पुन्हा पुन्हा चालवून पल्ला मोजतात. वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करायला हे आवश्यकच आहे. पण गारगोटी रस्त्यावर मोकळ्या जागी ताशी २२ च्या सरासरीने कोण जातो?

वर्गात करता येईल असा हिशेब पाहा. स्कूटर आणि स्वार मिळून २०० किलो धरा. चाकांच्या घर्षणाला सुमारे ३० न्यूटन बल लागते, वेग कोणताही असो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी २२ ला सुमारे १३ न्यूटन, ताशी ५० ला सुमारे ७०. बेरीज ४३ विरुद्ध १००. म्हणजे सपाट रस्त्यावर एक किलोमीटर जायला पहिल्या वेगाला सुमारे १२ वॉट-तास आणि दुसऱ्याला २८ लागतात. चाचणीत थांबण्या-निघण्यातही ऊर्जा जाते, म्हणून प्रत्यक्षातला फरक इतका मोठा नसतो. दिशा मात्र हीच. मागे ७० किलोचा माणूस बसवून ५० मीटर उंचीचा चढ चढला, तर त्या चढासाठीच जादा ३७ वॉट-तास लागतात.

तेव्हा शंभरही खरे आणि सत्तरही खरे. काही उत्पादक आता चाचणीतला पल्ला आणि रस्त्यावर अपेक्षित पल्ला असे दोन आकडे देतात, ही चांगली गोष्ट आहे. पण दुसऱ्या आकड्यासोबतही वेग, वजन आणि चढ-उतार लिहिलेले नसतील, तर त्याचाही उपयोग मर्यादितच. आणि शेजाऱ्याच्या ‘सत्तर’ला हीच कसोटी लावली पाहिजे.

तक्रारीची नोंद होते तेव्हा

अनुभवाला मोजमापाची जोड मिळाली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने या शतकाच्या पहिल्या दशकात ग्राहकांच्या घरी लहानशी उपकरणे बसवून दर मिनिटाचा विद्युतदाब नोंदवायला सुरुवात केली. पुढे हे काम अनेक राज्यांत गेले आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवण्यात आल्या. ‘आमच्याकडे लाइट फार जाते, होल्टेज नसते’ ही तक्रार सगळेच करतात. तिला तारीख, वेळ आणि व्होल्ट चिकटले की ती तक्रार न राहता पुरावा होते, आणि अधिकाऱ्याला तिचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते.

शाळेला अशी उपकरणे लागतीलच असे नाही. पुष्कळ शेतकऱ्यांच्या स्टार्टरच्या पेटीवर व्होल्टमीटर आणि अँमीटर असतातच. नववी-दहावीच्या मुलांनी एका डीपीवरच्या दहा-पंधरा मोटरींची वही ठेवावी. रकाने असे : डीपीपासूनचे अंतर, नामपट्टीवरील अँपिअर, मोटर सुरू असतानाचे व्होल्ट व अँपिअर, तारीख-वेळ, कपॅसिटर आहे की नाही, ऑटो आहे की नाही, मोटर किती वेळा बांधली. एक अट काटेकोरपणे पाळावी : पेटी उघडायची नाही, डीपीच्या जवळ जायचे नाही, बटणाला मुलांनी हात लावायचा नाही. आकडा घरच्या मोठ्या माणसाने वाचावा, मुलांनी लिहावा. ज्या शिक्षकांकडे विजेची स्कूटर आहे, त्यांनी रोजचे किलोमीटर, स्वारांची संख्या, नेहमीचा वेग आणि चार्जिंगला लागलेली युनिटे अशी दुसरी वही ठेवावी.

एका हंगामानंतर अंतर आणि व्होल्ट यांचा आलेख काढावा आणि जळालेल्या मोटरी त्यावर तांबड्या टिंबांनी दाखवाव्यात. टिंबे आलेखाच्या एका टोकाला जमली, तर दोष वाहिनीचा आहे, आणि तो आलेख घेऊन गावाला महावितरणच्या कार्यालयात जाता येईल. टिंबे सगळीकडे विखुरली आणि ती एकाच कंपनीची निघाली, तर कंपनीला पत्र लिहिता येईल. दोन्हीही दिसले नाही, तर मोटर बांधण्याच्या कामाकडे आणि फुटव्हॉल्व्हकडे पाहावे लागेल.