कलम ७४, सावकाश वाचताना

मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयाच्या तळाशी 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' अशी ओळ असते आणि खाली सही असते एखाद्या उपसचिवाची, नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. राज्यपालांनी तो कागद बहुधा पाहिलेलाही नसतो. दिल्लीतही हीच रीत, फक्त नाव राष्ट्रपतींचं. घटनेचं कलम ५३ देशाची सगळी कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या हाती देतं, सैन्यदलांचं सर्वोच्च आधिपत्यसुद्धा. सातबारा आजोबांच्या नावावर आणि कसतो थोरला, असा हा व्यवहार. पण आजोबांनी थोरल्याचं ऐकायलाच हवं का? याचं उत्तर कलम ७४ मध्ये असायला हवं होतं. १९५० साली ते तिथे नव्हतं, आणि त्या कलमाची सगळी गोडी मला तिथेच वाटते.

मूळ कलम अगदी आटोपशीर आहे. राष्ट्रपतींना त्यांच्या कामात साहाय्य करायला आणि सल्ला द्यायला पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, इतकंच ते सांगतं. लगेच पुढच्या पोटकलमात कोर्टाला अडसर घातलाय: सल्ला दिला होता का, काय दिला होता, हे विचारायचं नाही. सल्ला मानलाच पाहिजे, असं मात्र एका अक्षरानेही म्हटलेलं नाही. ही नजरचूक नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी राष्ट्रपतींची जागा स्पष्ट केली होती. ते राष्ट्राचे प्रतिनिधी, राज्यकर्ते नव्हेत. इंग्लंडच्या राजासारखे, मोहरेवरच्या चिन्हासारखे. सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून लिहिलं नाही. आपली घटना तशी काही हातचं राखून लिहिणारी नाही. आमदाराच्या मताचं मूल्य काढायचा भागाकारसुद्धा तिने कलम ५५ मध्ये देऊन ठेवलाय. असल्या ग्रंथाने सर्वांत नाजूक गोष्ट मात्र संकेतावर, माणसांच्या शहाणपणावर सोडावी, यात एक ऐट आहे.

तिची परीक्षा लगेचच झाली. राजेंद्रप्रसाद संविधान सभेचे अध्यक्ष होते. २६ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनीच म्हटलं होतं की, सल्ला बंधनकारक करणारी स्वतंत्र तरतूद नसली तरी इंग्लंडसारखा संकेत इथेही रुजेल, अशी आशा आहे. पुढे तेच राष्ट्रपती झाले, आणि १९५१ मध्ये हिंदू कोड बिलाच्या वेळी आपण स्वतःच्या विवेकाने वागू इच्छितो, असं त्यांनी नेहरूंना कळवलं. नेहरूंनी ॲटर्नी जनरल सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचं मत घेतलं. दोघांनीही निर्वाळा दिला तो राष्ट्रपती बांधील असल्याचा. राजेंद्रबाबूंनी प्रकरण ताणलं नाही, पण शंका काही सोडली नाही. १९६० मध्ये इंडियन लॉ इन्स्टिट्यूटच्या कार्यक्रमात त्यांनी तीच पुन्हा बोलून दाखवली. संकेताची अडचण हीच. तो सांगणाऱ्यालाही खुर्चीत बसल्यावर जरा सैल वाटू लागतो.

कलमाचं दुसरं रूप १९७६ चं, बेचाळिसाव्या दुरुस्तीचं. राष्ट्रपती सल्ल्यानुसारच वागतील, असे शब्द त्यात घातले गेले. वाचायला हे रूप मला रुक्ष वाटतं, आणि त्यातला विनोदही कडवट आहे. कारण वर्षभरापूर्वी, २५ जून १९७५ च्या रात्री, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाचा सल्ला मुळी नव्हताच. होतं पंतप्रधानांचं एक पत्र. कामकाज नियमावलीतल्या नियम १२ चा आधार घेऊन मंत्रिमंडळाला बाजूला ठेवलं होतं. मंत्र्यांना बोलावलं ते दुसऱ्या दिवशी पहाटे, निर्णय झाल्यावर. त्याच वर्षी डिसेंबरात व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांनी टबात बसून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती चितारले. कलम ७४ वरची याहून नेमकी टीका मी कायद्याच्या पुस्तकांत वाचलेली नाही. इतक्या मुकाट्याने सही करणाऱ्या माणसाला बांधून घालायला घटनादुरुस्ती कशाला लागली, कोण जाणे!

तिसरं रूप १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीचं. जनता सरकारने १९७६ चे शब्द पुसले नाहीत, त्यांना शेपूट जोडलं: राष्ट्रपती सल्ला फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, फेरविचारानंतर जो येईल तो मात्र मानायचा. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवला जायला हवा, हेही त्याच दुरुस्तीतलं. या शेपटाची रचना फार हुशारीची आहे. नकाराधिकार दिलेला नाही. दिलाय तो फक्त थोडा वेळ, आणि त्या वेळात सरकारला वाटू शकेल असा संकोच. किती दिवसांत परत पाठवायचं, ते लिहिलेलं नाही. अशी मोकळी जागा किती मोठी होऊ शकते, हे राष्ट्रपती झैलसिंगांनी विधेयकांना संमती देण्याबाबतच्या कलम १११ मध्ये दाखवलं होतं. टपाल उघडून पाहायचा अधिकार सरकारला देणाऱ्या १९८६ च्या विधेयकावर त्यांनी सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही.

फेरविचाराचा खरा वापर केला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी. ऑक्टोबर १९९७ मध्ये लखनौला उत्तर प्रदेश विधानसभेत ध्वनिक्षेपक उपटून फेकाफेक झाली, त्या गदारोळात मुख्यमंत्री कल्याणसिंगांनी विश्वासमत जिंकलं, आणि गुजराल मंत्रिमंडळाने राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. नारायणन यांनी ती परत पाठवली. मंत्रिमंडळाने तोच सल्ला दुसऱ्यांदा दिला असता तर त्यांना सही करावीच लागली असती. मंत्रिमंडळाने दिला नाही. पुढच्या वर्षी बिहारबाबत वाजपेयी सरकारची शिफारसही अशीच परत गेली, आणि तेव्हाही सरकारने माघार घेतली. फेब्रुवारी १९९९ मध्ये, दलितांच्या हत्याकांडांनंतर, सरकारने नव्याने सल्ला दिला आणि तिथे राजवट लागू झाली. पण तिला संसदेची मंजुरी लागते, आणि राज्यसभेत सरकारचं बहुमत नव्हतं. मार्चमध्ये सरकारला ती स्वतःच मागे घ्यावी लागली आणि राबडीदेवी पुन्हा मुख्यमंत्री झाल्या.