भाषा आपली, थिएटर कुणाचं? : उस्मान सेम्बेनचा सिनेमा

पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत चित्रीकरण करायचं तर 1934 सालच्या लाव्हाल हुकुमाप्रमाणे आधी पटकथा सरकारला दाखवून परवानगी घ्यावी लागे. आफ्रिकी माणसाने आपल्याच गावात कॅमेरा लावायचा, ही गोष्ट त्यामुळे जवळजवळ अशक्य होऊन बसली. पॅरिसमध्ये सिनेमाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या पॉलाँ व्हिएरा आणि त्याच्या मित्रांनी 1955 साली ‘आफ्रिक-स्यूर-सेन’ हा लघुपट केला, तोही पॅरिसच्या रस्त्यांवरच. सेनेगल 1960 साली स्वतंत्र झाला आणि 1963 मध्ये उस्मान सेम्बेनने डाकार शहरात ‘बोरोम सारेत’ चित्रित केला. जेमतेम वीस मिनिटांची ही फिल्म. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतला सिनेमा कुठून सुरू होतो असं विचारलं, तर अभ्यासक आजही याच फिल्मकडे बोट दाखवतात.

तिच्यात एक घोडागाडीवाला दिवसभर डाकारमध्ये भाडी मारतो. कुणी पैसे देतो, कुणी नुसताच हात हलवून उतरतो. हाती आलेली कमाई तो एका भाटाला देऊन टाकतो, कारण भाट त्याच्या पूर्वजांचे गोडवे गात असतो. मग एक सुटाबुटातलं गिऱ्हाईक त्याला प्लातो या गोऱ्यांच्या जुन्या वस्तीत न्यायला लावतं. तिथे घोडागाड्यांना बंदी आहे. पोलीस अडवतो, गाडीवाल्याच्या हातून त्याचं लष्करी पदक खाली पडतं आणि पोलिसाचा बूट त्यावर येतो. सेम्बेन इथे कसलंही भाष्य करत नाही. बूट, पदक आणि ते उचलायला वाकलेला हात, एवढंच दाखवतो. बूट घालणारा पोलीसही काळाच आहे, स्वतंत्र सेनेगलचा आहे. ‘राष्ट्रीय सिनेमा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा राष्ट्राची आरती येते. सेम्बेनने पहिल्याच फिल्मपासून राष्ट्राकडे हिशेब मागितला. चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याने ही भूमिका एकदाही सोडली नाही, आणि त्याच्या मोठेपणाचं मूळ मला तिथेच दिसतं.

1923 साली कासामान्स भागातल्या झिगुंशोर गावी एका कोळ्याच्या घरी तो जन्मला. शाळा अर्ध्यावर सुटली. गवंडीकाम केलं, मेकॅनिकचं काम केलं, दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच वसाहतींच्या पायदळात शिपाई होता. नंतर मार्सेयच्या गोदीत हमाली करताना कामगार संघटनेत आला, साम्यवादी पक्षात आला, संघटनेच्या वाचनालयात वाचायला लागला आणि लिहायला लागला. 1956 साली पहिली कादंबरी आली. डाकार-नायजर रेल्वेच्या 1947-48 च्या संपावरची 1960 सालची कादंबरी तर आफ्रिकी साहित्यात मानाचं पान ठरली. पण ती होती फ्रेंचमध्ये. ज्या रेल्वे कामगारांवर ती लिहिली त्यांच्यातल्या फार थोड्यांना ती वाचता येणार होती. हा सल त्याला स्वस्थ बसू देईना. सिनेमा ही आपल्या लोकांची रात्रशाळा आहे, असं तो पुढे नेहमी म्हणे. ती रात्रशाळा चालवायची म्हणून चाळिशीच्या उंबरठ्यावर, 1962 साली, हा नावाजलेला कादंबरीकार मॉस्कोला मार्क दोन्स्कॉयच्या हाताखाली सिनेमा शिकायला गेला.

पहिला मोठा चित्रपट ‘ला न्वार द...’ 1966 सालचा. डाकारची दियुआना एका फ्रेंच कुटुंबाची मुलं सांभाळायला म्हणून फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर जाते आणि तिथे स्वयंपाकघर नि न्हाणीघर यांच्या मधली कैदी होते. पांढऱ्या भिंती, त्यावर टांगलेला तिनेच भेट दिलेला मुखवटा, आणि दिवसभर उंच टाचांचे बूट घालून फरशी पुसणारी ती. फ्रान्सने या चित्रपटाला ज्यां व्हिगो पारितोषिक दिलं, ट्युनिशियातल्या कार्थेज महोत्सवाने सर्वोच्च सन्मान दिला. पण त्यात एक खोट आहे. पडद्यावर दियुआना फारशी बोलत नाही, तिच्या मनातलं आपल्याला ऐकू येतं, आणि ते सगळं ऐकू येतं फ्रेंचमध्ये, हैतीच्या एका गायिका-अभिनेत्रीच्या आवाजात. जिची परक्या भाषेत घुसमट होते, तिचं मनही त्याच परक्या भाषेत बोलतं. पुढच्याच चित्रपटात सेम्बेनने हे दुरुस्त केलं.

तो चित्रपट म्हणजे 1968 चा ‘मंदाबी’. माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम, आणि पश्चिम आफ्रिकी भाषेत बोलणारा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो वोलोफमध्ये आहे. फ्रान्सच्या सिनेमा केंद्राकडून आगाऊ रक्कम मिळाली, तिच्याबरोबर फ्रेंच निर्माताही आला. चित्रपट रंगीतच हवा हा निर्मात्याचा हट्ट, आणि वोलोफबरोबर फ्रेंच आवृत्तीही काढावी लागली. आपल्याकडे प्रभातने 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित केला होता. पण प्रभातला त्यातून अधिक प्रेक्षक गाठायचे होते, सेम्बेनला पैसे देणाऱ्याचं समाधान करायचं होतं.

गोष्ट साधी आहे. पॅरिसमध्ये रस्ते झाडणारा भाचा डाकारच्या इब्राहिमा दियेंगला 25,000 फ्रँकची मनीऑर्डर पाठवतो. त्यातले 2,000 मामाचे, 3,000 भाच्याच्या आईचे, उरलेले वीस हजार जपून ठेवायचे. पोस्टात गेल्यावर ओळखपत्र मागतात. ओळखपत्राला जन्मदाखला लागतो, दाखल्याला जन्मतारीख लागते, शिवाय फोटो आणि तिकीट. दियेंग जन्मला तेव्हा तारीख कुणी लिहूनच ठेवलेली नाही. सरकारी कचेरीचे खेटे ज्याने घातलेत त्याला हा चित्रपट समजावून सांगावा लागत नाही. तिकडे मनीऑर्डरची बातमी गल्लीभर पसरलेली असते. उधारीवाला, मशिदीतला ओळखीचा, लांबचा नातेवाईक, सगळे दारात हजर. पैसे हाती येण्याआधीच दियेंग कर्जात बुडतो आणि शेवटी शिकलेला, मोटारीतून फिरणारा एक नातलग मुखत्यारपत्रावर सही घेऊन सगळी रक्कम गिळतो.

चित्रपट सुरू होतो तो झाडाखाली बसलेल्या न्हाव्यापासून. वस्तरा दियेंगच्या डोक्यावरून फिरतो, मग न्हावी त्याच्या नाकातले केस काढतो. कॅमेरा इतका जवळ की आपलंच नाक हुळहुळतं. मग ऐटदार झगा सावरत हा गृहस्थ घरी येतो, ढेकर देईपर्यंत जेवतो, बायका त्याचे पाय चेपतात. काम कसलं नाही, पण थाट आहे. सेम्बेनला या माणसाचा राग येत नाही, त्याची कीवही येत नाही. त्याचा फुकाचा पुरुषी डौल आणि त्याची होणारी लूट तो एकाच नजरेने बघतो. वोलोफमुळेच हे साधतं. आर्जवं, शपथा, अल्लाचं नाव घेऊन दिलेली टाळाटाळीची उत्तरं, या बोलण्याच्या तऱ्हा फ्रेंचमध्ये उतरल्याच नसत्या.

भाषेचा हा आग्रह पडद्यापुरता नव्हता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्याने भाषातज्ज्ञ पाथे दियान्यबरोबर ‘काद्दू’ हे वोलोफ नियतकालिक चालवलं. समोर राष्ट्राध्यक्ष होते लेओपोल्ड सेंघोर, फ्रेंचमधले थोर कवी आणि फ्रेंचचे निस्सीम भक्त. ‘खाला’ (1975) या चित्रपटात स्वातंत्र्यानंतरचे नवे सत्ताधारी गोऱ्यांना चेंबर ऑफ कॉमर्समधून बाहेर काढतात आणि दुसऱ्याच क्षणी नोटांनी भरलेल्या ब्रीफकेसा घेऊन गोरा सल्लागार परत येतो. नायक आपली मर्सिडीज बाटलीबंद फ्रेंच पाण्याने धुऊन घेतो. त्याची मुलगी त्याच्याशी वोलोफमध्येच बोलते आणि तो फ्रेंचमध्ये चिडतो. सेन्सॉरने या चित्रपटाला कात्री लावली. ‘सेद्दो’ (1977) तर थेट अडकला. नावात एक ‘द’ की दोन, या शुद्धलेखनाच्या सरकारी नियमावरून. सेम्बेनने जोडाक्षर सोडलं नाही. खरं दुखणं सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या चित्रपटात इस्लाम, ख्रिस्ती मिशनरी आणि गुलामांचा व्यापारी हे तिघेही बाहेरून आलेले आहेत आणि शेवटी राजकन्या इमामाला गोळी घालते. बहुसंख्य मुसलमान असलेल्या देशात हे दाखवायला लागणारं धैर्य त्या दिग्दर्शकात होतं. सेंघोर पायउतार झाल्यावरच सेनेगलने तो चित्रपट पाहिला.

1988 चा ‘काँ द थियारॉय’ त्याने थिएर्नो फाती सो याच्यासह दिग्दर्शित केला. 1 डिसेंबर 1944 रोजी डाकारजवळच्या थियारॉय छावणीत फ्रेंच सैन्याने आपल्याच आफ्रिकी सैनिकांवर, थकलेला पगार मागितला म्हणून, गोळ्या झाडल्या, त्याची ही गोष्ट. चित्रपटाला पैसा सेनेगल, अल्जीरिया आणि ट्युनिशियाचा, फ्रान्सचा एकही फ्रँक नाही. व्हेनिसमध्ये पारितोषिक मिळालं, फ्रान्समध्ये मात्र कितीतरी वर्षं तो दिसला नाही. त्यातला ‘पेयी’ हा जर्मन छळछावणीत वाचा गमावलेला सैनिक विसरता येत नाही. पहाटे रणगाडे येताना तो एकटा बघतो, ओरडायला जातो, शब्द फुटत नाहीत आणि सोबती त्याला वेडा समजून पुन्हा झोपी जातात. थियारॉयला झालं ते हत्याकांड होतं हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मान्य केलं 2024 साली. याच विषयावर बेन दियोगाय बेय आणि बुबाकार बोरिस दियोप या तरुणांची पटकथा आधीपासून होती, आणि ती बाजूला सारली गेल्याचा कडवटपणा सेनेगलच्या सिनेजगतात टिकून राहिला. राष्ट्रीय सिनेमाचा पितामह होणं म्हणजे कधी कधी पुढच्यांची वाट अडवणंही असतं, आणि सेम्बेनवर प्रेम करणाऱ्याने हे लपवू नये.

उणिवा आणखीही आहेत. त्याची पात्रं पुष्कळदा एकमेकांशी न बोलता प्रेक्षकांशी बोलतात. ‘गेलवार’ या त्याच्या चित्रपटात परकीय मदतीवरची भाषणं चित्रपटाला जड होतात. दृश्याच्या पातळीवर सेनेगलचाच दिग्दर्शक जिब्रिल दियोप मांबेती त्याच्याहून कितीतरी धाडसी होता. ‘तुकी बुकी’ (1973) मध्ये मोटारसायकलच्या हँडलवर बैलाचं शिंगाळं डोकं बांधून हिंडणारं ते जोडपं सेम्बेनच्या कल्पनेत आलंच नसतं. दिग्दर्शिका साफी फायने ‘काद्दू बेकात’ (1975) मध्ये सेरेर शेतकऱ्यांना जितक्या सावकाशीने बोलू दिलं, तितकी सबुरी त्याच्यात नव्हती. पण ती दोघंही ज्या वाटेने गेली, ती वाट आहे हे आधी याने दाखवलं होतं.

भाषेची लढाई तो जिंकला. हरला तो थिएटरपाशी. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेतलं वितरण कोमासिको आणि सेक्मा या दोन कंपन्यांच्या मुठीत होतं. फ्रेंच आणि अमेरिकन चित्रपटांच्या जोडीला त्या घाऊक भावात हिंदी चित्रपट आणत, आणि डाकारच्या वस्त्यांमधला प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकत असे. फाळक्यांनी 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो स्वदेशीच्या जिद्दीने, आणि त्याच मुंबईतला माल दुसऱ्या एका देशाच्या स्वदेशी सिनेमाची जागा अडवून बसला, हे आपणही लक्षात घ्यायला हवं. सत्तरच्या दशकात सेनेगल सरकारने वितरण आपल्या हाती घ्यायचा प्रयत्न केला, तो फार टिकला नाही. पुढे सरकारी खर्चाला कात्री लागली, 1994 मध्ये सीएफए फ्रँक या तिथल्या चलनाची किंमत एका रात्रीत निम्मी झाली, आणि एकेक करत थिएटरं दुकानं झाली. ‘मूलादे’ (2004) हा मुलींच्या खतन्याविरुद्धचा त्याचा शेवटचा चित्रपट. उंबऱ्यावर रंगीत दोरी बांधून चार मुलींना आसरा देणारी त्यातली कोले आर्दो ही त्याने घडवलेली सर्वांत ठाम स्त्री आहे. कानमध्ये त्याचा गौरव झाला. पण तो बनला बुर्किना फासोमध्ये, आणि त्याच्या स्वतःच्या शहरात तो पाहायला धड पडदा उरला नव्हता. 9 जून 2007 रोजी सेम्बेन गेला.

त्यानंतरचं चित्र संमिश्र आहे. 2014 पासून सेनेगलचा सरकारी चित्रपटनिधी प्रत्यक्ष पैसे देऊ लागला. आलाँ गोमिसने 2013 आणि 2017 मध्ये वागादुगू चित्रपट महोत्सवाचा मानाचा सुवर्णअश्व दोनदा मिळवला. मांबेतीची पुतणी माती दियोप हिचा वोलोफमधला ‘आत्लांतिक’ 2019 मध्ये कानचं ग्रां प्री घेऊन आला. 2018 मध्ये डाकारमध्ये नवं मल्टिप्लेक्स उघडलं आणि त्याला सेम्बेनचं नाव दिलं, 2022 मध्ये तिथे पाथे या फ्रेंच कंपनीचंही थिएटर आलं. म्हणजे पडदे परत येत आहेत, पण त्यांवर काय लागणार हे ठरवण्याचा हक्क कुणाच्या हाती राहील, हा 1968 चाच प्रश्न आहे. फ्रेंचांशी पंधरा-सोळा वर्षं लढलेल्या सामोरी तूरे या योद्ध्यावर सेम्बेनला भव्य चित्रपट करायचा होता. पटकथेवर त्याने अनेक वर्षं घालवली, पैसा जमला नाही. एका माणसाच्या हट्टावर ‘मंदाबी’ होऊ शकतो, ‘सामोरी’ला स्वतःच्या पायांवर उभा राहिलेला चित्रपट उद्योग लागतो. तसा उद्योग सेनेगलमध्ये अजून उभा राहायचा आहे.